चार रविवार आणि एक निकाहनामा

सतरा वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली करतेय. १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा तोंडपाठ, पण तो आला कसा हे कधी विचारलंच नव्हतं. म्हणून मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासावरचा हा ऑनलाइन वर्ग लावला. चार रविवार, फी ८०० रुपये.

पहिला रविवार वाया गेला. आवाज तुटत होता, उरलेला वेळ ओळख-परेडमध्ये. दुसऱ्यापासून मात्र वही भरली. १९१८ मध्ये लाहोरच्या मुस्लिम महिला परिषदेत जहाँआरा शाहनवाझ यांनी बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव मांडला होता! बालविवाह रोखणाऱ्या शारदा कायद्यातून मुसलमानांना वगळा, असं अनेक मौलवी म्हणत असताना अखिल भारतीय महिला परिषदेतल्या मुस्लिम स्त्रिया 'आमच्याही मुलींना तो हवा' म्हणत होत्या. गांधीजींचे सहकारी अब्बास तय्यबजी यांच्या कन्या शरीफा हमीद अली यांनी तर बायकोचे हक्क आधीच लिहून घेणारा नमुना निकाहनामा (लग्नाचा करार) तयार केला. (माझ्या अशिलांना मी आजही हेच सांगते, ऐकतं कोण?)

शेवटचा रविवार सर्वांत चांगला. नको असलेल्या लग्नातून सुटायला पंजाबात काही बायका धर्मच सोडत, कारण धर्म सोडला की लग्न मोडलं असं तेव्हा मानलं जाई. १९३९च्या कायद्यानं ती वाट कलम ४ नं बंद केली आणि कलम २ मध्ये दुसरी दिली: नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, वगैरे. कलमं रोज वाचते, हा दुवा लागला नव्हता.

तक्रार एकच. बेगमा भरपूर भेटल्या. धर्म सोडणाऱ्या त्या बायकांपैकी एकीचंही नाव कळलं नाही. उर्दू टिपणांना मराठी भाषांतर दिलं असतं तर बरं झालं असतं. पाचपैकी चार तारे.