ट्रॅक सस्पेन्शनच्या नावाखाली माझ्याच गाडीची स्प्रिंग कापून मला विकली

ज्यांच्याकडे मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आहे आणि जे तिचं मागचं सस्पेन्शन बदलून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचावं. माझे २ लाख ४० हजार गेले. पण पैशाहून जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या कामानंतर माझी मुलगी शेजारच्या सीटवर बसून हायवेने माझ्यासोबत येत होती आणि मागचे टायर आतल्या कडेला तारेपर्यंत झिजलेले होते.

आमचं जिनिंग हिंगणघाट तालुक्यात. गाडी निसानची ३७०झेड, सेकंडहँड घेतलेली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला रेसिंगचा ट्रॅक आहे, तिथे ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, गाडी न्यायची फार दिवसांची इच्छा. राष्ट्रीय महामार्ग ४४ आमच्या गावाजवळूनच जातो, हैदराबादपर्यंत तोच रस्ता. पण गाडी रोज चालते ती गाव ते जिनिंग या रस्त्यावर, आणि तो आहे काळ्या मातीवर. आपली माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटा घेतो. खड्डे बुजवता येतात, लाट बुजवता येत नाही. त्यामुळे मला ट्रॅकवरही चालेल आणि या रस्त्यावरही चालेल असं काहीतरी हवं होतं. गॅरेजवाल्याने नेमकं हेच हेरलं.

गॅरेज मोठ्या शहरातलं, नाव लिहीत नाही. चकाचक शेड, टाइल्सची फरशी, भिंतीवर रेसचे फोटो. मालक म्हणाला, "सर, इम्पोर्टेड किट आहे. डिक्कीतून नॉब फिरवायचा, एका बाजूला ट्रॅक, दुसऱ्या बाजूला स्ट्रीट. मागची स्प्रिंग १० किलोची." पुढच्याच वाक्यात म्हणाला की आरटीओचं काही टेन्शन नाही, सगळं अप्रूव्ह्ड आहे.

या बोलण्यात खोटं कुठे होतं ते नीट सांगतो, कारण अजूनही हेच बोलून गिऱ्हाईक पटवलं जातं. स्पोर्ट्स कारच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतीलच असं नाही. ३७०झेडमध्ये ते वेगळे आहेत. स्प्रिंग खालच्या आर्मवरच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांडीवरच्या) वाटीसारख्या भागात बसते, शॉकअप तिच्यापासून दूर उभा असतो. १० किलोची स्प्रिंग म्हणजे एक मिलीमीटर दाबायला १० किलो जोर लागणारी. स्प्रिंग चाकापासून जितकी आत, तितका तिचा चाकावरचा जोर कमी, आणि तो वर्गाच्या हिशोबाने कमी होतो. समजा चाक १० मिलीमीटर उचललं तेव्हा स्प्रिंग ६ मिलीमीटर दबली, तर १० किलोच्या स्प्रिंगचे चाकाशी ३.६ किलोच उरतात. तीच स्प्रिंग शॉकअपवर चढवली आणि ती ९ मिलीमीटर दबली, तर ८.१ किलो. म्हणजे स्प्रिंग कुठे बसणार हे न सांगता नुसतं "१० किलो" म्हणणं निरर्थक आहे. शिवाय शॉकअपवर स्प्रिंग चढवली की गाडीचं मागचं सगळं वजन शॉकअपच्या वरच्या माउंटवर येतं, आणि ती जागा कंपनीने त्यासाठी केलेली नसते. हे मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "सर, ते आमच्यावर सोडा."

नॉबचंही तसंच आहे. खऱ्या किटमध्येसुद्धा नॉबने फक्त डॅम्पिंग, म्हणजे शॉकअप हलायला किती विरोध करतो ते, बदलतं. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, उंची तीच राहते, चाकांचे कोन तेच राहतात. ट्रॅकसाठी मागच्या चाकाला दोन-सव्वादोन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं) ठेवणारे लोक आहेत, रोजच्या चालवण्याला तो एक-दीड पुरतो. हा फरक डिक्कीत बसून मिटत नाही. आणि लाटांच्या रस्त्यावर तर रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप पुन्हा उघडतानाचा विरोध, जास्त कडक ठेवला की एका लाटेत दबलेला शॉकअप पुढची लाट येईपर्यंत पूर्ण उघडतच नाही. गाडी लाटेगणिक खाली खाली बसत जाते. ट्रॅकचा सपाट डांबर आणि आमचा पांदणीपेक्षा जरा बरा रस्ता, दोन्हीला पुरेल असं एक सेटिंग कोणी देत असेल तर तो एक तर अडाणी आहे नाही तर चोर आहे.

गाडी घरी आली तेव्हा खरोखर कडक वाटली. खाली बसलेली, दिसायला देखणी. गॅरेजवाल्याचा डाव इथेच होता, तो पुढे कळला. वणा नदीच्या पुलाजवळ सिमेंटच्या जोडावर मागचं बूड आडवं उडालं. वेग जास्त नव्हता, रस्ता कोरडा होता. त्यानंतर जाम चौरस्त्यावरून वळताना पुन्हा तेच. फोन केला तर म्हणाला, "स्प्रिंग सेट व्हायला वेळ लागतो, हजार किलोमीटर चालवा." थंडपणे सांगितलं, आणि ज्या माणसाने ती स्प्रिंग स्वतः कापली होती त्याने सांगितलं.

उघडकीला आणलं ते आमच्या ट्रॅक्टर-पिकअपच्या मिस्त्रीने. स्पोर्ट्स कारला त्याने त्याआधी हात लावलेला नव्हता. गाडी जॅकवर घेतली, मागचं चाक मोकळं लोंबकळलं, आणि त्याने आत हात घालून स्प्रिंग हलवली. ती वाटीत खुळखुळ वाजली. "भाऊ, हे पाहा बरं. चाक लटकलं तं स्प्रिंग ढिली होते. थोडं अजून खाली गेलं तं बाहेर येईन हे." आखूड स्प्रिंग टाकताना ती लटकल्यावरही जागेवर राहावी म्हणून खाली एक मऊ हेल्पर स्प्रिंग लागते. इथे ती नव्हती.

स्प्रिंग बाहेर काढली. लाल रंग नवाकोरा. वरचं टोक कंपनीच्या स्प्रिंगचं असतं तसं गुळगुळीत, खालचं टोक मात्र धारदार, आणि धारेला रंगाखालून निळसर झाक. ग्राइंडरने तापलेल्या पोलादाचा तो रंग. "हे तं कापेल आहे भाऊ." मिस्त्रीने थिनरचा बोळा घासला. लाल निघाला, खाली काळा कोटिंग, आणि काळ्यावर रंगाच्या दोन आडव्या खुणा. गाडी विकत घेताना लिफ्टवर काढलेला फोटो माझ्या फोनमध्ये होता. त्यातल्या स्प्रिंगवर त्याच दोन खुणा, त्याच जागी. किट वगैरे काही आलंच नव्हतं. माझीच स्प्रिंग कापून, रंगवून, मला विकली होती.

मग शॉकअप. सोनेरी रंग, वर स्टिकर. डिक्कीतला नॉब मिस्त्रीने नुसता ओढला तो हातात आला. खाली रॉडचं साधं टोक आणि नट, त्यावर गोंद. क्लिकचा आवाज नॉबच्या आतल्या छोट्याशा गोळीचा होता, शॉकअपशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता तो कडकपणा कुठून आला? स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती थोडी कडक होते हे खरं. पण मुख्य म्हणजे गाडी इतकी खाली बसली होती की शॉकअप कायम बंप स्टॉपच्या, म्हणजे पूर्ण दबण्याआधी त्याला अडवणाऱ्या, रबरावर टेकलेला होता. लाट आली की दबायला जागाच नाही, म्हणून चाक जमीन सोडायचं. बसणाऱ्याला ते "ट्रॅकसारखं टाइट" वाटतं. चाचणीसाठी तो गिऱ्हाइकाला गॅरेजसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरच फिरवतो, त्याचं कारण हे.

टायर का झिजले तेही सांगतो. गाडी खाली गेली की मागचा निगेटिव्ह कॅम्बर आपोआप वाढतो. ३७०झेडमध्ये मागचा टो (वरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन) बोल्टने जुळवता येतो, पण एवढा वाढलेला कॅम्बर आवरायला वेगळा ॲडजस्टेबल आर्म लागतो. बिलात आर्म लावलेला होता, गाडीला नव्हता. अलाइनमेंटचा रंगीत रिपोर्ट दिला होता, सगळे आकडे हिरव्यात. वर बारीक अक्षरात गाडीचं मॉडेल छापलेलं होतं, ते एका सेडानचं.

तक्रार करायला बरेच जण घाबरतात. गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. "अप्रूव्ह्ड" हा शब्द म्हणूनच धादांत खोटा होता. विम्याचा दावाही यावर अडू शकतो. गॅरेजवाल्याचा सगळा भरवसा या भीतीवर असतो, की गिऱ्हाईक स्वतःच अडचणीत येईल म्हणून गप्प बसेल. आमच्या वकिलांचं म्हणणं स्पष्ट आहे: पैसे घेतले आणि माल दिला नाही, ही तक्रार बदलांवरच्या त्या बंदीने अडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी वर्ध्याच्या जिल्हा आयोगात अर्ज केला आहे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, सुरुवात तिथूनही होते. कापलेली स्प्रिंग, नॉब, रिपोर्ट आणि जुना फोटो हे सगळं जपून ठेवलं आहे. मिस्त्रीने काढतानाचा व्हिडिओ घेतला, तो सगळ्यात कामाचा ठरतो आहे.

माझ्या गाडीचा व्हिडिओ त्या गॅरेजच्या पानावर अजून फिरतो आहे आणि तो पाहून अकोल्याच्या एका मुलाने मला फोन केला. त्याने ॲडव्हान्स देऊन ठेवला आहे, गाडी अजून दिलेली नाही. त्याला सांगितलं की गाडी देण्याआधी मागच्या स्प्रिंगचे आणि शॉकअपचे फोटो काढ, बिलावर प्रत्येक वस्तूचा पार्ट नंबर आणि जीएसटी नंबर लिहून घे, आणि काढलेले जुने पार्ट त्याच दिवशी परत मिळतील हे कागदावर घे. जुनी स्प्रिंग परत द्यायला गॅरेजवाला नाही म्हणाला, तर गाडी देऊच नको.