दही की ताक?

ठाण्यात रात्री उशिरा घरी पोचायचं आणि भातावर गार दही घेऊन मोकळं व्हायचं, ही अनेक घरांतली रीत. आयुर्वेदाला नेमकं हेच खटकतं. दही पचायला जड, वीर्याने (म्हणजे शरीरावरच्या परिणामाने) उष्ण, कफ-पित्त वाढवणारं. आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथ चरकसंहिता म्हणते, रात्री खाऊ नये, गरम करू नये. खायचंच तर तूप-साखर, मध, मुगाचं कढण किंवा आवळ्याच्या जोडीने. शरद, ग्रीष्म आणि वसंतात शक्यतो टाळावं. हिवाळ्यात, दुपारी, पचन दणकट असेल तर खुशाल खा.

ताक त्याच दह्याचं, पण पाणी घालून घुसळलं, लोणी काढलं की गुणच पालटतो. ते हलकं होतं, पचनाचा अग्नी चेतवतं. ग्रहणी (आतड्यांचा पचनविकार) आणि मूळव्याधीत तर आयुर्वेद त्याला औषध मानतो. खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात भूक मरते, तेव्हा जेवणाच्या शेवटी वाटीभर ताक, त्यात सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग. मिक्सरमधून फिरवलेलं पातळ दही मात्र ताक नव्हे, लोणी निघायलाच हवं! जखम असताना किंवा ऐन उन्हाळ्यात ताकही वर्ज्य सांगितलंय. एरवी रोजच्या ताटात माझं मत ताकालाच.