नवी पेठेतलं असेंब्लीचं दुकान: बायोसला दहापैकी नऊ, ड्रायव्हरला सहा

सोलापुरात नवा पीसी जोडायचा म्हणलं की लोक पहिलं विचारतात स्वस्त कुठं मिळेल, आणि पार्ट ऑनलाइन मागवले तर थोडेफार पैसे वाचतात हे खरंच आहे, पण मदरबोर्ड बदलताना डोकं खाणारं काम वेगळंच असतं. बोर्डाचं बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी पळणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला ओळखतंय का, विंडोज टाकल्यावर नेट चालू होतंय का, रॅम जेवढ्या स्पीडचे पैसे दिले तेवढी पळतीय का. हा रिव्ह्यू त्या कामाचा आहे, स्क्रू आवळायला कोणालाही येतं. दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि पोरं कामाला बरी आहेत, उगाच त्यांच्या पोटावर पाय नको.

माझं काम जॅकार्ड डिझाइनचं, म्हणजे कापडात विणायच्या नक्षीचं, चादरी आणि टॉवेल. जुना पीसी चौथ्या पिढीच्या आय५ चा होता, चालत होता बिचारा, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं, त्यामुळं बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच बदलायची वेळ आली. घेतलं काय तर बी६५० चिपसेटचा बोर्ड, एएमडीचा रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर५ ६००० वाली रॅम आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. बोर्डाच्या कंपनीचं नाव पण सोडा, सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या बोर्डात ह्या गोष्टी थोड्याफार सारख्याच आहेत, फक्त मेनूत नावं वेगळी.

आता पहिली गोष्ट, जिथं हे दुकान मला पटलं. बी६५० चे बोर्ड बाजारात आले ऑक्टोबर २०२२ ला आणि रायझन ९००० (माझा ९६००एक्स त्यातलाच) आला ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे दुकानात किंवा गोडाऊनमध्ये पडून असलेला बोर्ड जुन्या बायोसचा असेल तर सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) तोच एएम५ असूनसुद्धा नवा प्रोसेसर लावल्यावर स्क्रीन काळीच राहू शकते. मग माणूस म्हणतो बोर्ड खराब, नाहीतर प्रोसेसर खराब, आणि चार दिवस कुरिअरमध्ये जातात. काउंटरवरच्या पोरानं खोका हातात घेतल्या घेतल्या पहिलं काय बघितलं तर खोक्यावर रायझन ९००० रेडीचं स्टिकर आहे का. नव्हतं. म्हणला, "अण्णा, आधी बायोस मारतो, मग प्रोसेसर बसवतो, नाहीतर तुम्ही आन् मी दोघंबी काळ्या स्क्रीनकडं बघत बसू."

आणि मग त्यानं जे केलं ते खरंच बघण्यासारखं होतं. बोर्ड खोक्यावरच ठेवला, प्रोसेसर नाही, रॅम नाही, काहीच नाही, फक्त पॉवर सप्लायची २४ पिनची आणि ८ पिनची वायर लावली. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, कंपनीच्या साइटवरनं त्याच मॉडेलची बायोस फाइल उतरवली, मॅन्युअलमध्ये जे नाव दिलंय तेच नाव फाइलला दिलं (नाव चुकलं तर बोर्ड फाइल बघतच नाही), मागच्या बाजूला ज्या यूएसबी पोर्टावर बायोस म्हणून छापलंय त्यातच घातला आणि फ्लॅशबॅकचं बटण, म्हणजे प्रोसेसर नसतानाही बायोस टाकायचं बटण, दाबून धरलं. बारका लाल दिवा लुकलुकायला लागला. त्यानंतर त्यानं टेबलाजवळ कुणाला येऊ दिलं नाही, चहावाल्याला पण लांबनंच ग्लास ठेवायला लावला, आणि हे सगळं यूपीएसवर. आपल्याकडं लाइट कधी झटका देईल सांगता येत नाही आणि बायोस अर्ध्यात तुटलं तर बोर्ड ठोकळा होऊन बसतो. फ्लॅशबॅक असलेल्या बोर्डाला परत जीव देता येतो, पण ज्याला ते बटणच नाही त्याचं काय? म्हणून बोर्ड घेताना आरजीबी लायटिंग बघू नका, मागं हे बटण आहे का बघा, हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

दुसरं, पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीनवर काहीच येत नाही आणि पंखे मात्र फिरतात. डीडीआर५ मध्ये पहिल्या स्टार्टला बोर्ड रॅमचं टायमिंग जुळवत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, काही मिनिटं सहज जातात. तव्यावरची भाकरी दर सेकंदाला उचलून बघितल्यासारखं लोक त्यात बटण दाबून बंद-चालू करत बसतात आणि ते ट्रेनिंग परत पहिल्यापासून. पोरानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं मी शांत बसलो. बायोसला नऊ मार्क ह्याच्यासाठी.

एक मार्क कापला तो एक्स्पोसाठी. एक्स्पो म्हणजे एएमडीचं रॅम प्रोफाइल, इंटेलकडं त्याला एक्सएमपी म्हणतात. ते चालू केलं नाही तर ६००० ची रॅम बापडी ४८०० वरच चालत राहते आणि तुम्हाला कळत पण नाही. घरी येऊन टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरी, तिथं स्पीड ४८००. फोन केला तर मालक म्हणले, "एक्स्पो आम्ही लावत नाही, एखाद्याची रॅम हँग झाली की तो आमच्याच नावानं बोंबलतो." त्यांची बाजू अगदीच चुकीची नाही, एएमडी स्वतः एक्स्पोला ओव्हरक्लॉकिंग समजते आणि त्यानं काय बिघडलं तर वॉरंटी देत नाही. पण मग ६००० ची रॅम विकताना हे सांगा की राव! गिऱ्हाइकाला विचारून लावा, किंवा ४८०० ची स्वस्तातली द्या. मी स्वतः डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो, पहिल्याच पानावर एक्स्पो होतं, चालू केलं, सेव्ह केलं, परत एकदा ट्रेनिंगचा काळा पडदा, आणि आता ६००० वर बिनतक्रार चालू आहे. एक लक्षात ठेवा, हे करायच्या आधी बायोस नवं असू द्या. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं व्होल्टेज) जास्त गेल्यामुळं जळाले होते, तेव्हापासून एएमडीनं नव्या बायोसमध्ये ते व्होल्टेज १.३ च्या वर जाऊ न द्यायची सोय केलीय.

आता ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला बोर्डाचे वेगवेगळे भाग चालवता यावेत म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर. इथं दुकान ढिलं पडतं.

चांगलं आधी सांगतो. विंडोज ११ टाकताना नेट मागतं आणि नव्या बोर्डांवरच्या २.५ गिगाबिटच्या लॅनचा (वायरीच्या नेटचा) किंवा वायफायचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये असेलच असं नाही, मग तुम्ही अडकता, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. ह्यांनी लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर वेगळ्या फोल्डरमध्ये तयार ठेवला होता, झटक्यात काम झालं. घरी करणाऱ्यांनी एवढंच करा, जुना पीसी खोलायच्या आधी त्याच्यावरच नव्या बोर्डाच्या साइटवरनं लॅन, वायफाय आणि चिपसेट हे तीन उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. विसरलातच तर अँड्रॉइड फोन केबलनं लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच चालतं.

माझी जुनी एसएसडी तशीच उचलून लावा म्हणलं तर त्यांनी नाही म्हणलं, ते पण बरोबरच. जुनं विंडोज एमबीआर पार्टिशनवर, लेगसी म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीनं टाकलेलं होतं, आणि विंडोज ११ ला यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस), सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागतं. टीपीएमची वेगळी चिप घ्यायची गरज नाही, एएमडीत ते प्रोसेसरमध्येच असतं, बायोसमध्ये एफटीपीएम नावानं. कोरं विंडोज टाकलं आणि जुनी डिस्क डेटासाठी लावली, विषय संपला.

मग बिघडलं कुठं? लॅन झाल्यावर बाकीचे ड्रायव्हर त्यांनी एका फुकटच्या ड्रायव्हर अपडेट करणाऱ्या सॉफ्टवेअरनं टाकले. एका क्लिकमध्ये सगळं होतं म्हणून दुकानवाल्यांना आवडतं, पण ते सॉफ्टवेअर नंतर तुमच्याच पीसीवर बसून रोज कोपऱ्यातनं पॉपअप टाकतं, पैसे भरा आणि ड्रायव्हर फास्ट करा. ऑडिओचा ड्रायव्हर पण भलताच टाकलेला, पुढच्या जॅकमधनं आवाजच येईना. मी ते सॉफ्टवेअर काढलं, एएमडीच्या साइटवरनं चिपसेटचा आणि ग्राफिक्सचा, बोर्डाच्या साइटवरनं ऑडिओचा टाकला, रिस्टार्ट केलं, आवाज आला. वर बोर्ड कंपनीचं स्वतःचं युटिलिटी सॉफ्टवेअर पण विंडोज चालू झालं की आपोआप टाकू का विचारत होतं, बऱ्याच बोर्डांत ते बायोसमधनंच बंद करता येतं, मी पहिलं तेच केलं.

माझ्या कामातली एक अडचण इथं लिहून ठेवतो, डिझाइनवाल्यांना आणि टॅलीबिलीचे जुने डोंगल वापरणाऱ्यांना उपयोगी पडेल. माझ्या डिझाइन सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल, म्हणजे लायसनची किल्ली असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, लागतो आणि त्याचा ड्रायव्हर जुनाट. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाचं सेटिंग चालू असतं ते असले जुने ड्रायव्हर अडवतं, डोंगलचा दिवा लागतो पण सॉफ्टवेअर म्हणतं लायसन नाही. दुकानातल्या पोरानं सरळ ते सेटिंगच बंद करून दिलं. चालू झालं, पण ही पद्धत मला पटली नाही, कारण डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर होता, तो टाकला आणि सेटिंग परत चालू केलं, दोन्ही सुखानं नांदतायत. कारखानदाराचे महिनोन्महिन्याचे डिझाइन ज्या मशीनवर पडलेत तिथं संरक्षण काढून ठेवायचं म्हणजे काय.

एक गोष्ट मात्र ह्यांची मनापासून आवडली, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकायची वेळ आली तेव्हा लॅपटॉप माझ्याकडं वळवल्यासारखा कीबोर्ड माझ्यापुढं सरकवला, म्हणले तुमचाच आयडी टाका. किती दुकानं स्वतःचा आयडी टाकून मोकळी होतात! विंडोज ११ च्या २४एच२ पासून कोरं इन्स्टॉल करताना अकाउंट टाकलं की बऱ्याच पीसींवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि उद्या बायोस अपडेट केलं, टीपीएम रिसेट झालं किंवा बोर्ड बदलला तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की ज्याचं अकाउंट त्याच्याकडं. दुकानवाल्याच्या अकाउंटवर असेल आणि दुकान बंद झालं तर डेटा गेला समजा. ती की वहीत लिहून ठेवा, बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं हे डिस्क एन्क्रिप्शन) सस्पेंड करा.

उन्हाळ्याचं पण बोललं पाहिजे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि पंख्याचं सेटिंग त्यांनी सायलेंटवर ठेवलेलं. ह्या प्रोसेसरची मर्यादा ९५ डिग्री आहे, तिथं पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, जळत नाही, पण डिझाइन रेंडर होताना वेळ खातो. बायोसमध्ये फॅन कर्व्हचा आलेख असतो, ७० डिग्रीच्या पुढं पंखा जोरात पळेल असा ओढून घेतला. आवाज येतो थोडा, पण लूमच्या खटखटाटात वाढलेल्या माणसाला त्याचं काय. आणि लाइट गेल्यावर परत आली की पीसी आपोआप चालू होऊ नये म्हणून एसी पॉवर लॉसवालं सेटिंग ऑफ आहे ना ते बघा, नाहीतर दिवसातनं चारदा लाइट आली-गेली की मशीन पण तेवढेच हेलपाटे खाणार.

असेंब्लीचे पैसे बाकीच्यांपेक्षा थोडे जास्त घेतात, फ्लॅशबॅकचे वेगळे लावत नाहीत. तक्रार घेऊन परत गेलो तर तोंड वाकडं केलं नाही, ड्रायव्हर अपडेटरबद्दल सांगितलं तर मालक हसले आणि पोराला म्हणले, "बघ बे, अण्णांना ते नको होतं." जाणार असाल तर काउंटरवर आधीच तीन वाक्यं बोलून टाका, एक्स्पो चालू करून द्या, ड्रायव्हर साइटवरनंच टाका, आणि बायोसची फाइल असलेला पेनड्राइव्ह माझ्याकडं द्या. शेवटचं मागितलं नाही तर ते देत नाहीत, मागितलं तर लगेच देतात.