अर्ज एक, अटी दोनशे ठिकाणच्या : पीटीकॅसचा आढावा

अमेरिकेत शिकून फिजिकल थेरपिस्ट (पीटी) व्हायचं तर डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, करावंच लागतं. पदवीनंतरचा साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्याला कॅप्टी या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता हवी, आणि शेवटी एनपीटीई ही परवान्याची परीक्षा. या वाटेवरचं पहिलं फाटक म्हणजे पीटीकॅस, अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनची केंद्रीय अर्जसेवा. दोनशेहून जास्त अभ्यासक्रम तिच्यामार्फत अर्ज घेतात. माहिती एकदा भरायची, ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका) एकदा मागवायची, आणि हव्या तितक्या ठिकाणी पाठवायची.

पोस्टमन म्हणून ही सेवा चोख आहे. सल्लागार म्हणून मात्र काठावर पास. फॉर्म सगळ्यांना एकच, त्यामुळे अटीही एकच असतील असं वाटून जातं, आणि इथेच बहुतेकांचा घात होतो. प्रत्येक विद्यापीठाची प्रवेशाची अट वेगळी असते आणि तुम्ही ती पूर्ण करता की नाही हे पीटीकॅस तपासत नाही. अपात्र असलात तरी फी घेऊन अर्ज पोचता करते, आणि ती फी परत मिळत नाही.

फीचं गणित असं: पहिल्या अर्जाला दीडशे डॉलरच्या पुढे, त्यानंतरच्या प्रत्येक ठिकाणी साठेक डॉलर. आकडा दर हंगामात थोडा सरकतो. दहा ठिकाणी अर्ज केला तर सातशे डॉलर सहज जातात. त्यावर काही विद्यापीठांची स्वतःची पुरवणी फी असते, ती वेगळी. कमी उत्पन्नाच्या अर्जदारांना फी माफीची सोय आहे, पण ती अर्ज सादर करण्यापूर्वी मागावी लागते. एकदा पैसे भरले की तो विषय संपला.

अर्ज साधारण जूनच्या मध्यात खुला होतो. आत चार भाग आहेत: वैयक्तिक माहिती, शैक्षणिक इतिहास, पूरक माहिती आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचा स्वतंत्र कप्पा. पहिला भाग अर्ध्या तासात उरकतो. खरा घाम दुसऱ्या भागात निघतो.

कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय इथे हाताने टाकायचा असतो. नापास झालेला, मध्येच सोडलेला, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात केलेला, शाळेत असताना कॉलेजचं क्रेडिट म्हणून घेतलेला, सगळे. एका ओळीत कोर्सचा कोड, नाव, क्रेडिट, ग्रेड आणि पीटीकॅसच्या यादीतून निवडलेला विषयप्रकार. चार वर्षांची पदवी म्हणजे अशा चाळीसेक ओळी. ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवून तिच्यावर जे छापलंय ते अक्षरशः तसंच उतरवायचं. कॉलेजच्या पोर्टलवरची यादी वापरू नका. तिथे नाव पूर्ण असतं, ट्रान्सक्रिप्टवर लघुरूप असतं, आणि पडताळणी करणारा माणूस ट्रान्सक्रिप्टच पाहतो. एपीच्या, म्हणजे शाळेतच देता येणाऱ्या कॉलेजस्तरीय, परीक्षेतून मिळालेलं क्रेडिट ज्या कॉलेजने दिलं त्याच कॉलेजच्या नावाखाली टाकायचं. चालू आणि पुढच्या सत्रातले विषयही टाकायचे, नाहीतर पूर्वअट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण हवे असलेले विषय, अपुरी दिसते.

विषयप्रकार निवडताना गंमत होते. बायोमेकॅनिक्स भौतिकशास्त्रात टाकलं की किनेसिऑलॉजीत (शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात), यावर विज्ञानाचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, हलू शकतो. आपल्या फायद्याचा प्रकार निवडायचा मोह होतो, पण विषय कोणत्या विभागाने शिकवला ते कोडवरूनच कळतं आणि पडताळणीत प्रकार बदलला जाऊ शकतो. ओळी भरायचा कंटाळा असेल तर पैसे देऊन पीटीकॅसच्याच माणसांकडून त्या भरून घेता येतात. तीन-चार कॉलेजं झालेल्यांनी ही सोय जरूर घ्यावी. एकाच कॉलेजात चार वर्षं काढलेल्याने एक शनिवार मोडावा आणि पैसे वाचवावेत.

आता जीपीए. पीटीकॅस तो स्वतःच्या पद्धतीने काढते, आणि या सेवेबद्दल सर्वात जास्त नाराजी याच मुद्द्यावर असते. अनेक कॉलेजांत पुन्हा दिलेल्या विषयाची नवी ग्रेड जुनीची जागा घेते. पीटीकॅस ही माफी मानत नाही. समजा चार क्रेडिटच्या ॲनाटॉमीत आधी डी होता, पुन्हा घेऊन ए मिळवला. कॉलेजच्या हिशोबात तो विषय ४.० चा. पीटीकॅसच्या हिशोबात चार क्रेडिट १.० ची आणि चार क्रेडिट ४.० ची, सरासरी २.५. बहुतेक ठिकाणी किमान अट ३.० ची, म्हणजे कॉलेजचा ३.१ इथे २.९ होऊन बसणं अगदी शक्य आहे. आमच्या मते पद्धत कठोर असली तरी अन्यायाची नाही, कारण ती सगळ्यांना सारखी लागते. खटकतं ते एवढंच की हा आकडा पडताळणी झाल्यावर कळतो, म्हणजे पैसे भरल्यावर. म्हणून आधी साध्या स्प्रेडशीटमध्ये सगळे प्रयत्न धरून स्वतः काढून पाहा. ए वजाला ३.७, बी अधिकला ३.३ धरायचे. काही विद्यापीठं पूर्वअटींच्या विषयांचा जीपीए स्वतः पुन्हा काढतात आणि त्यात चांगली ग्रेड धरतात. तेव्हा २.९ दिसला म्हणून लगेच नाद सोडू नका, त्या विद्यापीठाला ईमेलवर विचारा.

क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरऐवजी छोटी सत्रं असलेल्या, कॉलेजांतून आलेल्यांसाठी आणखी एक खड्डा. एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे ०.६६७ सेमिस्टर क्रेडिट. पाच क्रेडिटचा रसायनशास्त्राचा विषय इथे ३.३३ होतो. दोन क्वार्टर केले तर ६.६७, आणि विद्यापीठाची अट प्रयोगशाळेसह आठ सेमिस्टर क्रेडिटची. ट्रान्सक्रिप्टवर ‘केमिस्ट्री १’ आणि ‘केमिस्ट्री २’ दोन्ही दिसतात, तरी क्रेडिट कमी पडतात. अशा वेळी तिसरा क्वार्टर करावाच लागतो.

पूर्वअटींचा गाभा सगळीकडे ओळखीचा: ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी दोन सत्रं, रसायनशास्त्र दोन, भौतिकशास्त्र दोन, हे सगळे प्रयोगशाळेसह, शिवाय जीवशास्त्र, सांख्यिकी, मानसशास्त्र. किमान ग्रेड बहुतेक ठिकाणी सी, आणि सी वजा सहसा चालत नाही. फरक बारीक अक्षरात असतो. कुठे जीवशास्त्रात वनस्पतिशास्त्र धरत नाहीत. कुठे व्यायाम शरीरक्रियाशास्त्र सक्तीचं. कुठे मानसशास्त्राचे दोन विषय लागतात. कुठे एपीचं क्रेडिट विज्ञानाला चालत नाही, कुठे ऑनलाइन प्रयोगशाळा चालत नाही. कुठे विज्ञानाचे विषय पाच किंवा दहा वर्षांपेक्षा जुने नकोत, आणि नोकरी सोडून वळणाऱ्यांना हीच अट सर्वांत जड जाते. पीटीकॅसच्या वेबसाइटवर सगळ्या अभ्यासक्रमांच्या पूर्वअटींचा एकत्र तक्ता आहे. या सेवेतली ही सर्वांत उपयोगी गोष्ट, आणि ती फुकट आहे. अर्ज उघडायच्या वर्षभर आधी हा तक्ता घेऊन बसावं. मात्र तक्ता आणि विद्यापीठाचं स्वतःचं पान यांत फरक दिसला तर विद्यापीठाला लिहून विचारावं आणि उत्तराची ईमेल जपून ठेवावी.

प्रत्येक अभ्यासक्रमाच्या कप्प्यात पूर्वअट आणि तुमचा विषय यांची जोडी लावायची असते. हे काम दर विद्यापीठागणिक पुन्हा करावं लागतं. ‘माहिती एकदाच भरा’ या आश्वासनाला इथे तडा जातो. या कप्प्यात जादा प्रश्न, छोटे निबंध, कधी अपलोड करायची कागदपत्रंही असतात. यादीत नाव घातल्याशिवाय ती दिसत नाहीत, म्हणून विद्यापीठं आधीच यादीत घालून ठेवा. पैसे अर्ज सादर करतानाच द्यायचे असतात.

निरीक्षणाच्या तासांचा, म्हणजे थेरपिस्टचं काम जवळून पाहिल्याच्या नोंदीचा, भाग नीट बांधलेला आहे. जागा, थेरपिस्टचं नाव, रुग्णालयातलं काम की बाह्यरुग्ण क्लिनिक, पगारी की स्वयंसेवी, झालेले तास आणि पुढे करायचे तास, असे रकाने वेगवेगळे आहेत. काही विद्यापीठं एकही तास मागत नाहीत, काही शंभराच्या वर मागतात. पण नुसत्या बेरजेला फारसा अर्थ नाही. दीडशे तास एकाच खेळाडूंच्या क्लिनिकमध्ये काढले आणि विद्यापीठाला दोन वेगळ्या प्रकारच्या जागा हव्या असल्या, तर अट अपुरीच. कायरोप्रॅक्टर (मणक्यावर हाताने उपचार करणारा) किंवा ॲथलेटिक ट्रेनरसोबतचे तास धरत नाहीत. परवानाधारक पीटीच लागतो. सही मागणाऱ्या विद्यापीठांसाठी ती प्रत्येक जागेची वेगळी घ्यायची. थेरपिस्ट नोकऱ्या बदलतात, म्हणून शेवटच्या दिवशी क्लिनिकमधून निघण्याआधीच सही घेतलेली बरी. वर्षभराने तो माणूस दुसऱ्या राज्यात गेलेला असतो आणि स्वागतकक्षातल्या कोणाला तुमचं नाव आठवत नसतं.

शिफारसपत्रं जास्तीत जास्त चार. सगळ्या विद्यापीठांकडे तीच जातात, एकाला हे आणि दुसऱ्याला ते असं करता येत नाही. त्यामुळे कोणाकडून हवंय याच्या सगळ्या अटी आधी एकत्र मांडा. एक पीटी आणि एक विज्ञानाचा प्राध्यापक असला की बहुतेकांचं समाधान होतं. कुटुंबातले, मित्र, राजकारणी नकोत. पत्र तुम्ही वाचू शकाल का, असा प्रश्न फॉर्म विचारतो. तो हक्क सोडलेला बरा, कारण वाचता येणाऱ्या पत्रावर समिती फारसा विश्वास ठेवत नाही. विनंतीची ईमेल लिआझन या कंपनीच्या यंत्रणेतून जाते आणि स्पॅममध्ये पडू शकते. आठवड्यात ‘स्वीकारलं’ अशी स्थिती दिसली नाही तर फोन करा. तुम्ही न सांगता पीटीकॅस त्यांच्या मागे लागणार नाही.

निबंधाला ४,५०० कॅरॅक्टर, मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत साधारण सातशे शब्द होतात. प्रश्न हंगामागणिक बदलू शकतो, म्हणून गेल्या वर्षीचा निबंध आधीच घोटून ठेवण्यात अर्थ नाही. ठळक, तिरके, टॅब काही टिकत नाही; परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडा. निबंध सगळ्यांना एकच जातो. त्यात एका विद्यापीठाचं नाव घेऊन कौतुक केलं तर बाकीचेही ते वाचतात. आजीच्या गुडघ्याची गोष्ट लिहू नये असं नाही, पण समितीला प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि ती गोष्ट त्यांनी वाचलेली असते.

जीआरई, ही पदवीनंतरच्या प्रवेशासाठीची परीक्षा, आता बऱ्याच ठिकाणी सक्तीची नाही. जिथे आहे तिथे गुण त्या विद्यापीठाच्या पीटीकॅस कोडवर पाठवायचे. विद्यापीठाच्या नेहमीच्या कोडवर गेलेले गुण पीटीकॅसमध्ये दिसत नाहीत. परीक्षा २०२३ पासून दोन तासांच्या आत आली आहे, गुण पाच वर्षं चालतात.

सादर केल्यावर पडताळणी. सगळ्या ट्रान्सक्रिप्ट पोचेपर्यंत ती सुरूच होत नाही. एका उन्हाळी विषयाची ट्रान्सक्रिप्ट राहिली तरी सगळा अर्ज रांगेबाहेर. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून थेट जायला हवी, शक्यतो इलेक्ट्रॉनिक, आणि सोबत पीटीकॅसचा ओळख फॉर्म. तुमच्या हातून गेलेली चालत नाही. चुका फार असतील तर अर्ज ‘अनडिलिव्हर्ड’ होऊन परत येतो आणि दुरुस्त करून पुन्हा रांगेत लावावा लागतो. मुदत पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री ११:५९ ची, म्हणजे कॅलिफोर्नियात रात्री नऊच्या एक मिनिट आधीपर्यंत. बरीच विद्यापीठं अर्ज येतील तसे जागा देत जातात, तेव्हा मुदतीच्या दिवशी पाठवलेला अर्ज नियमात बसला तरी उशिराचाच. एकच विद्यापीठ पक्कं ठरलं असेल तर अर्ली डिसिजन, म्हणजे लवकर निर्णयाची सोय, आहे, पण तिथे निवड झाली की दुसरीकडे जाता येत नाही.

परदेशी पदवी असलेल्यांनी ट्रान्सक्रिप्टचं विषयवार मूल्यमापन करून घ्यावं, उदाहरणार्थ डब्ल्यूईएस या मूल्यमापन संस्थेकडून; नुसता ‘पदवी समकक्ष आहे’ असा दाखला पुरत नाही. बरीच विद्यापीठं काही पूर्वअटी अमेरिकन कॉलेजातच कराव्यात असंही म्हणतात. आणि ज्यांच्याकडे फिजिओथेरपीची परदेशी पदवी आधीच आहे त्यांनी इथे पैसे घालण्याआधी थांबावं. पीटीकॅस नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांसाठी आहे. परदेशी थेरपिस्टला परवाना हवा असेल तर एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून पदवीची तपासणी आणि मग राज्याच्या मंडळामार्फत एनपीटीई, हा रस्ता वेगळा आहे.

सादर केल्यानंतर नवे विषय, नवे अनुभव, नवी विद्यापीठं जोडता येतात. निबंध आणि आधी लिहिलेल्या नोंदी बदलता येत नाहीत. जागा मिळाली नाही तर पुढच्या हंगामात अर्जाचा काही भाग पुढे नेता येतो, पण निबंध, शिफारसपत्रं आणि विद्यापीठांच्या प्रश्नांची उत्तरं नव्यानेच द्यावी लागतात. तेव्हा हंगाम बंद होण्याआधी अर्जाची पीडीएफ उतरवून ठेवा.