देव आहे का? श्रद्धेनं शोधावं की तर्कानं?

खानापूरचा भाचा परवा म्हणाला, "मामा, आजी माघ पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्मा देवीच्या दर्शनाला चल म्हणते आणि मला देवच पटत नाही. काय करू?"

पुराव्याच्या बाबतीत तर्क सरस, पण शेवटचा निकाल त्याच्याकडेही नाही. न्याय दर्शनाचे जुने पंडित उदयनाचार्य, त्यांनी 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथात ईश्वर तर्कानंच सिद्ध करू पाहिला: घटाला कुंभार, तसा जगाला कर्ता. वेदांतल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता नाकारला. चार्वाकांनी तर प्रत्यक्षापलीकडचं काहीच मानलं नाही. म्हणजे देव न मानणं आपल्याकडे परकं नाही, हे आजीलाही सांग.

चूक सुधारायला तर्कच लागतो. याच यल्लम्माच्या नावानं मुली देवदासी म्हणून सोडल्या जात. त्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ चा देवदासी प्रतिबंधक कायदा करावा लागला. तिथं श्रद्धा गप्प राहिली, हे मला अजून सलतं.

दुःखात मात्र श्रद्धाच टिकते. तुझे आजोबा गेले तेव्हा आजी कुठल्या युक्तिवादावर नाही, भंडाऱ्याच्या चिमटीवर उभी राहिली. मी पाहिलंय.

खरं काय ते जाणायचं असेल तर तर्क धर. सोसायला बळ हवं असेल तर श्रद्धा. तुला पहिलं हवंय, आजीला दुसरं. तिला सौंदत्तीला घेऊन जा. हात मात्र मनापासून जोडावेसे वाटले तरच जोड.