शाळेचं ताट की घरचा डबा?

धाकटी वडोदऱ्यातल्या सरकारी मराठी शाळेत जेवते, थोरला खासगी शाळेत डबा नेतो. दोन्ही रोज बघते.

शाळेच्या ताटात पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं हवीत, सहावी ते आठवीला ७०० आणि २०, असा नियम आहे. गुजरातेत ही मध्यान्ह भोजनाची योजना १९८४मध्ये सुरू झाली. मला मोलाची वाटते ती पंगत. घरी दुधी पाहून नाक मुरडणारी पोर मैत्रिणींच्या शेजारी बसून गरम खिचडीबरोबर तोच दुधी संपवते.

थोरल्याची पोळी-भाजी सकाळी सातला भरते. साडेअकरापर्यंत पोळीच्या कडा वातड होतात, आणि मे जवळ आला की दहीभात आंबतो. तिखट-मीठ मात्र आपल्या हातात राहतं. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर डबाच द्या. एरवी पाचवीपर्यंत मी शाळेच्या ताटालाच हो म्हणेन.