बाबांचं मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन: डॉक्टरांना साडेचार स्टार, बिलिंग काउंटरला दीड

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मध्य मुंबईतलं प्रायव्हेट आहे एवढंच, बाबांचा फॉलोअप अजून तिथेच चालूय आणि मला रोजचं भांडण नकोय.

बाबा ६९ वर्षांचे, बेस्टमधून रिटायर, आम्ही डोंबिवलीला. लिव्हरच्या आतल्या पित्तनलिकेचा कॅन्सर, कोलॅन्जिओकार्सिनोमा. पावणेदोन वर्षांपूर्वी लिव्हरचा एक भाग काढला, मग सहा महिने केपसिटाबिनच्या, म्हणजे केमोच्या गोळ्या, आणि आता कुठे सुटलो म्हणतोय तोच सीटीत सव्वादोन सेंटिमीटरची नवी गाठ. हार्ट वीक आहे म्हणून सर्जन परत पोट उघडायला तयार नाहीत. दादरला उतरून टॅक्सीने टाटाला सेकंड ओपिनियन घेऊन आलो, तिथेही अ‍ॅब्लेशनच, म्हणजे सुईने गाठ आतल्या आत जाळणं, सुचवलं.

हे करणारे डॉक्टर सर्जन नसतात, इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट (स्कॅनवर बघत सुईने उपचार करणारे) असतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्या डॉक्टरांचं मला सगळ्यात काय आवडलं तर त्यांनी ह्या ट्रीटमेंटचं उगाच कौतुक करून सांगितलं नाही. म्हणाले, ऑपरेशन शक्य असतं तर मी तेच करा म्हटलं असतं, हे ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी. गाठ ३ सेंटिमीटरच्या आत असेल तर चांगलं जळतं, मोठी असेल तर कडेला काहीतरी शिल्लक राहायची भीती. शेजारी मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं, वाहत्या नळाखाली भांडं तापवल्यासारखं. रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या करंटने जाळायची दुसरी पद्धत, तिला हा त्रास जास्त, म्हणून बाबांना मायक्रोवेव्ह. घरच्या ओव्हनचीच फ्रिक्वेन्सी, २.४५ गिगाहर्ट्झ! बाबा लगेच, "मग काय, पापड भाजून घ्यायचा लिव्हरचा."

प्रत्यक्षात बरगड्यांच्या मधून एक लांब सुई, तिला अँटेना म्हणतात, सीटीत बघत बघत गाठीत घालतात. टोकाशी टिश्यू ६० डिग्रीच्या वर गेला की पेशी लगेच मरतात. गाठीभोवती थोडं चांगलं लिव्हरही मुद्दाम जाळतात, मार्जिन म्हणून. बाबांचं मोठं आतडं चिकटूनच होतं तर मध्ये डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून ते बाजूला सरकवलं, हे ऐकून मी तर बघतच राहिले. जाळणं फक्त काही मिनिटांचं, बाकी सगळा वेळ भूल आणि सुई नीट बसवण्यात. टाके नाहीत, एक पट्टी. दुसऱ्या दिवशी घरी.

आता दीड स्टारची गोष्ट. एस्टिमेटमध्ये अँटेनाची किंमतच धरली नव्हती! ती एकदाच वापरायची असते आणि स्वस्त अजिबात नाही. ते आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी कळलं, टीपीएने (इन्शुरन्सचे क्लेम बघणारी कंपनी) त्यावर क्वेरी टाकली, आणि बाबा सकाळी दहाला कपडे घालून तयार बसलेले ते रात्री आठला निघाले. काउंटरवरची मुलगी फक्त "मॅम, प्रोसेसमध्ये आहे". अहो प्रोसेस वरच्या मजल्यावर झाली ना, तीही तासाभरात! अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच विचारा, सुई धरलीय का पॅकेजमध्ये, लेखी घ्या.

घरी आल्यावर चार दिवस ताप, अंग मोडून आलं, उजव्या खांद्यात कळ. हे होतं असं आधी सांगितलेलं, पण ताप वाढत गेला किंवा थंडी वाजली तर लगेच या, आत पू झाला असू शकतो, हेही बजावलेलं, खासकरून ज्यांच्या पित्तनलिकेत आधी स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) घातलाय त्यांना ही भीती जास्त. बाबांना स्टेंट नव्हता.

महिन्याभराने स्कॅन, आणि रिपोर्ट मीच आधी उघडला (चूक). साडेचार सेंटिमीटर! मी लोकलमध्ये उभ्या उभ्या रडले, ठाण्यापर्यंत भावाला फोन लावत होते. डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप केला तर पाच मिनिटांत उत्तर, अहो तो जळलेला भाग आहे, मार्जिनसकट, गाठीपेक्षा मोठाच दिसायला हवा, त्यात स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेला डाय जातोय का ते महत्त्वाचं, गेला तर गाठ जिवंत, आणि जात नाहीये. हे कागदावर आधी लिहून दिलं असतं तर पूर्ण पाच दिले असते.

आता दर तीन महिन्यांनी स्कॅन. पुढचा गणपतीनंतर आहे, जुन्या सीड्या मी आत्ताच पिशवीत भरून ठेवल्यात.